जपानमध्ये कॉलेजला गेल्यावर पहिला महिना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

जपानला पदवीसाठी किंवा मास्टर्सला गेलेल्या मुलांची पहिल्या महिन्यातली रड साधारण एकाच सुराची असते. बँक म्हणते, आधी फोन नंबर आणा. फोनवाला म्हणतो, आधी बँक खातं दाखवा. कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, रांगेत तासभर बसल्यावर कळतं की घराचा पत्ता खोली नंबरासकट लिहून आणलेलाच नाही. भाषा येत नाही म्हणून हे होतं असं घरी सांगितलं जातं, पण खरी गडबड क्रमाची असते. पुण्यात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी पास होऊन आलेली मुलंही इथे अडकतात, आणि नमस्कार-चमत्काराच्या पुढे जपानी न येणारी मुलं क्रम पाळला म्हणून दोन आठवड्यांत मोकळी होतात.

तिथला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो आणि सगळ्यात तळाचा कागद म्हणजे तुमचा नोंदवलेला पत्ता. तो होईपर्यंत बाकीच्या कुठल्याही खिडकीवर जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा १: निघण्याआधी घरी बसून करायची कामं

नावाचं जपानी रूप ठरवा. हे काम सगळ्यात क्षुल्लक वाटतं आणि सगळ्यात जास्त त्रास देतं. आपल्याकडे पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नावही असतं. समजा पासपोर्टवर नाव आहे सानिका राजेंद्र कुलकर्णी. जपानच्या निवासी कार्डावर ते रोमन लिपीत, आडनाव आधी, असं पूर्ण छापलं जाईल. पण बँक, विमा, पगार, शिष्यवृत्ती हे सगळं चालतं काताकाना लिपीतल्या नावावर. 'कुरुकारुनी सानिका राजेन्दोरा' असं काहीतरी. आता 'कारुनी' की 'करूनी', शेवटची 'नी' दीर्घ की ऱ्हस्व, राजेंद्र लिहायचं की गाळायचं, हे तुम्ही काउंटरवर उभ्या उभ्या ठरवलंत तर तीन ठिकाणी तीन नावं होतील. जपानमध्ये बँकेतून पैसे पाठवताना खातेदाराचं काताकाना नाव जुळावं लागतं. एका अक्षराचा फरक पडला तरी शिष्यवृत्ती परत जाते आणि मग महिनाभर अर्ज करत बसा.

म्हणून जपानी शिकवणाऱ्या सरांकडून किंवा बाईंकडून पूर्ण नाव एकदा काताकानात लिहून घ्या. वडिलांचं नाव गाळू नका. कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि यापुढे प्रत्येक फॉर्मवर डोळे झाकून तेच उतरवा.

भारतातला मोबाइल नंबर जिवंत ठेवा. भारतातल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, निदान एसएमएस येण्यापुरतं. जपानला पोचल्यावर ते सुरू करायला जाल तर त्यालाही ओटीपीच लागेल.

औषधं मोजून न्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याची आणि दुकानातून सहज मिळणारी दोन महिन्यांची, एवढी स्वतःपुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. पण खरा धोका प्रमाणाचा नाही, घटकांचा आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या यांवर तिथे कडक मर्यादा आहेत, आणि लक्ष लागण्याच्या तक्रारीवर दिली जाणारी काही अँफेटामिनची औषधं तर पूर्ण बंद आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरीही. आईने पिशवीत कोंबलेली प्रत्येक स्ट्रिप उलटून वाचा.

खाऊ आणि भांडी. दळलेले मसाले, चटण्या, पापड चालतात. ताजा कढीपत्ता, फळं आणि पेरली तर उगवतील अशी धान्यं-कडधान्यं यांना वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, ते तुमच्याकडे नसणार. मांसाचे पदार्थ कुठल्याच रूपात नेऊ नका. वाळवलेला जवळा, सुकट ही मासळी आहे, मांस नाही, पण तिच्या वासाने बॅगेतल्या कपड्यांचं काय होईल ते तुम्ही बघा.

घरचा मिक्सर नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो. प्रेशर कुकर न्यायचा असेल तर तळ इंडक्शनला चालतो का ते लोहचुंबक लावून बघा, कारण विद्यार्थ्यांच्या बऱ्याच खोल्यांत गॅस नसून इंडक्शन असतं.

तपासा: हातातल्या बॅगेत पासपोर्ट, कॉलेजचं प्रवेशपत्र, पात्रता प्रमाणपत्राची (व्हिसा काढताना लागलेल्या सीओईची) प्रत, राहण्याच्या जागेचा पूर्ण पत्ता, पासपोर्ट साइझ फोटो आणि येनमध्ये थोडी रोकड. हे सामान चेक-इन बॅगेत टाकू नका.

## टप्पा २: विमानतळावरची पंधरा मिनिटं

नारिता, हानेदा, कान्साई, नागोयाचं च्युबू, शिन-चितोसे, हिरोशिमा आणि फुकुओका या विमानतळांवर उतरलात तर इमिग्रेशनच्या खिडकीवरच तुमचं झायर्यू कार्ड, म्हणजे निवासी ओळखपत्र, हातात पडतं. दुसरीकडे उतरलात तर पासपोर्टवर शिक्का मिळतो आणि कार्ड नंतर टपालाने येतं.

इथे एक काम हटकून विसरलं जातं. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. पार्टटाइम कामासाठी वेगळी परवानगी लागते आणि तिचा अर्ज पहिल्यांदा येणाऱ्या विद्यार्थ्याला याच खिडकीवर देता येतो. फॉर्म आधी डाउनलोड करून भरून ठेवा, पासपोर्टसोबत पुढे सरकवा. कार्डाच्या मागच्या बाजूला शिक्का बसतो आणि काम संपलं. 'सध्या मला काम करायचंच नाही' असं वाटलं तरी घ्या, फुकट आहे. नंतर हेच काम करायला इमिग्रेशन ऑफिसला खेप घालावी लागते, तिथली गर्दी अफाट असते आणि उत्तर यायला काही आठवडे जातात.

तपासा: खिडकी सोडण्याआधी कार्डावरचं नाव, जन्मतारीख, मुदत आणि मागचा शिक्का बघा. चूक दिसली तर तिथेच सांगा.

सावधान: हे कार्ड कायम अंगावर असलं पाहिजे. फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. पोलिसांनी मागितलं आणि नसलं तर २ लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही खिशात हवं.

## टप्पा ३: खोलीचा ताबा

कॉलेजचं वसतिगृह मिळत असेल तर पहिलं वर्ष तरी तिथेच काढा. लहान असेल, कुलूप लवकर लागत असेल, तरी घ्या. बाहेर खोली घेताना डिपॉझिट, घरमालकाला द्यायचे आणि कधीच परत न मिळणारे 'रेइकिन', एजंटचं कमिशन, हमी कंपनीची फी, आगीचा विमा आणि पहिल्या महिन्याचं भाडं असं सगळं धरून सुरुवातीलाच भाड्याच्या चार-पाच पट रक्कम जाते. वर खोली रिकामी मिळते. रिकामी म्हणजे काही ठिकाणी छताला दिवासुद्धा नसतो.

पहिल्या दिवशी सामान लावण्याआधी हे करा:

१. भिंती, जमीन, न्हाणीघर, खिडक्यांच्या चौकटी यांचे तारखेसह फोटो काढा. आधीचा प्रत्येक ओरखडा टिपा. खोली सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं याचा वाद इथेच मिटतो.

२. वीज आणि पाणी ऑनलाइन किंवा फोनवर सुरू होतं. गॅससाठी मात्र कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा तुम्ही हजर असावं लागतं. वेळ आधीच ठरवा. मार्चअखेरीस सगळं जपान घरं बदलत असतं, त्यामुळे तारीख पटकन मिळत नाही. गॅस नाही म्हणजे गरम पाणी नाही, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थंड पाण्याने अंघोळ म्हणजे शिक्षा.

३. शेगडी विकत घेण्याआधी इमारतीत सिटी गॅस (नळाने येणारा) आहे की प्रोपेन (सिलिंडरचा) ते विचारा. दोन्हींच्या शेगड्या वेगळ्या असतात. एकीची शेगडी दुसरीवर लावणं धोक्याचं आहे.

फोडणीबद्दल एक सांगायलाच हवं. तिथल्या भिंतींना रंग नसतो, वॉलपेपर असतो, आणि मोहरी-हिंगाचा वास त्यात मुरतो. फोडणी देताना वरचा पंखा चालू ठेवा, खोलीचं दार लावा. हळदीचे डाग पांढऱ्या सिंकवर पडले तर लगेच पुसा. वास आणि डाग या दोन्हींचे पैसे शेवटी तुमच्याच डिपॉझिटमधून जातात.

## टप्पा ४: कुयाकुशो, म्हणजे सगळ्याची गुरुकिल्ली

राहायला लागल्यापासून १४ दिवसांच्या आत पत्ता नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या शहरात कुयाकुशो, लहान शहरात शियाकुशो. तुम्ही मात्र १४ दिवसांची वाट न बघता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जा. ९० दिवस उलटूनही नोंदवला नाही तर व्हिसाच रद्द होऊ शकतो.

शक्यतो मंगळवार ते गुरुवार, सकाळी उघडल्या उघडल्या. सोमवारी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस मोडतो. सोबत पासपोर्ट, झायर्यू कार्ड, भाडेकरार किंवा वसतिगृहाचं पत्र आणि नावाचा तो काताकाना कागद.

पत्ता इमारतीच्या नावासह आणि खोली नंबरासह जसाच्या तसा करारावरून उतरवा. खोली नंबर गाळला तर पुढचं सगळं टपाल वाऱ्यावर.

एकाच फेरीत, याच क्रमाने, चार काउंटर करा:

पहिला काउंटर: पत्ता नोंदणी. कार्डाच्या मागे पत्ता छापून देतात. इथेच ज्यूमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखला, मागून घ्या. एकाला साधारण तीनशे येन पडतात. मायनंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, न छापलेल्या दोन प्रती घ्या, पुढे फोन किंवा बँकेत लागल्या तर पुन्हा यायला नको.

दुसरा काउंटर: राष्ट्रीय आरोग्य विमा. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला तो सक्तीचा आहे. 'माझा भारतातला विमा आहे' हे इथे चालत नाही. उपचाराच्या खर्चातले ७० टक्के विमा भरतो, ३० टक्के तुम्ही. हप्ता आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणून उत्पन्न शून्य असल्याचा फॉर्म तिथेच भरून द्या. तो न भरणाऱ्याला सवलत मिळत नाही. पुढच्या वर्षापासून हा फॉर्म दर वर्षी भरायचा आहे, उत्पन्न असो वा नसो. दुसऱ्या वर्षी अचानक हप्ता वाढून आला अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा नेमका हाच फॉर्म भरलेला नसतो. जुन्या पद्धतीचं विमा कार्ड डिसेंबर २०२४ पासून नव्याने दिलं जात नाही. त्याऐवजी तुमच्या नावाचं पात्रता पत्र मिळतं, ते जपून ठेवा.

तिसरा काउंटर: पेन्शन. वीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक रहिवाशाला राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता लागतो आणि तो महिन्याला १७ हजार येनच्या पुढे आहे. विद्यार्थ्यांना तो पुढे ढकलण्याची सोय आहे, पण आपोआप नाही. ओळखपत्र दाखवून अर्ज करावा लागतो आणि दर वर्षी नव्याने. तिथलं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च असतं. भाषाशाळांपैकी काहींना ही सोय लागू नसते. तुमची त्यात बसत नसेल तर उत्पन्न नसल्याच्या कारणावरून साधी सूट मागा. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आज काहीच करायचं नाही. मात्र विसाव्या वाढदिवसाच्या सुमारास पेन्शनचा लिफाफा येईल, तो जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नका.

चौथा काउंटर: मायनंबर. बारा अंकी नंबर टपालाने येतो. कार्डासाठी अर्ज करणं ऐच्छिक आहे, पण करा. एकच लक्षात ठेवा: व्हिसाची मुदत वाढवली की मायनंबर कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही, जुनी मुदत संपायच्या आत इथे येऊन वाढवून घ्यावी लागते. नाहीतर कार्ड बाद.

तपासा: बाहेर पडताना कार्डामागे पत्ता आहे ना, दोन दाखले आहेत ना, विम्याचा फॉर्म गेला ना, पेन्शनची पोच मिळाली ना.

## टप्पा ५: टपालपेटीवर नाव लावा

पाच मिनिटांचं काम, म्हणून वेगळा टप्पा करून लिहितो आहे, कारण इतर यादीत घातलं की सगळे गाळतात.

पुढच्या महिनाभरात मायनंबर, बँकेचं कार्ड, विम्याचे हप्ते, पेन्शनचं पत्र हे सगळं टपालाने येणार. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन 'असा माणूस इथे राहत नाही' म्हणून परत पाठवू शकतो. बँकेची कार्डं तर नव्या पत्त्यावर वळवू नये अशा सूचनेसह येतात, ती सरळ बँकेकडे परत जातात. पांढऱ्या पट्टीवर काताकानात आडनाव, खाली रोमनमध्ये, आणि पेटीवर चिकटवा.

तुम्ही घरी नसताना रजिस्टर टपाल आलं तर पोस्टमन एक लांबट चिठ्ठी टाकून जातो. चिठ्ठीवर नंबर आणि क्यूआर कोड असतो. त्यावरून पुन्हा कधी आणायचं ते वेळेच्या खान्यासह ठरवता येतं, रात्रीचंही. पोस्ट ते सात दिवस ठेवतं, आठव्या दिवशी पाठवणाऱ्याकडे रवाना. पिझ्झाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात ही चिठ्ठी हमखास दडते, म्हणून रोज पेटी उघडा आणि एकेक कागद बघून मगच टाका.

## टप्पा ६: आधी फोन, मग बँक

कोंबडी आधी की अंडं, हे कोडं असं सुटतं.

फोन आधी घ्या, पण बँक खातं न मागणारा. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या काही कंपन्या क्रेडिट कार्डावर किंवा कोंबिनीत, म्हणजे सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानात, रोख भरून सिम देतात. भारतातलं आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड, स्वतःच्या नावाचं, असेल तर पर्याय आणखी वाढतात. फक्त डेटाचं सिम घेऊ नका. बँकेला ०७०, ०८० किंवा ०९० ने सुरू होणारा, बोलता येणारा नंबर हवा असतो. स्वस्त म्हणून डेटा सिम घेतलेली मुलं आठवड्याभरात पुन्हा दुकानात दिसतात.

बँक. जपानमध्ये येऊन सहा महिने झाले नसतील तर परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बहुधा अनिवासी असता, म्हणून बऱ्याच मोठ्या बँका सरळ नाही म्हणतात. त्यावर वाद घालू नका. टपाल खात्याची युचो बँक नवीन विद्यार्थ्यांची खाती उघडते, आणि तिची एटीएम गावोगावी आहेत. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागात आधी विचारा. काही कॉलेजांचं ठरावीक बँकेशी बोलणं झालेलं असतं, पहिल्या आठवड्यात बँकेचा माणूसच कॅम्पसवर येतो.

सोबत झायर्यू कार्ड, पासपोर्ट, विद्यार्थी ओळखपत्र किंवा प्रवेशपत्र, फोन नंबर. शिक्का, म्हणजे इनकान, पुष्कळ ठिकाणी आता सक्तीचा नाही, सही चालते. करून घेणार असाल तर शाई आतच असलेला रबरी शिक्का बँकेत चालत नाही, हे लक्षात ठेवा.

खात्याचं कार्ड घरी यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर पैशासाठी सेव्हन-इलेव्हनमधली आणि युचोची एटीएम वापरा, परदेशी कार्डं चालतात. पहिल्या दिवसापासून पदरी महिन्याभराची सोय असेल तरच जीव भांड्यात राहतो.

सावधान: 'परत जाताय ना, मग तुमचं खातं किंवा सिम विकत घेतो' अशी ऑफर ओळखीच्या ओळखीतून येते. रक्कम मोहात पाडणारी असते. हा गुन्हा आहे. ती खाती फसवणुकीच्या टोळ्या वापरतात आणि पोलिस नावावरून तुमच्यापर्यंत येतात, मग तुम्ही भारतात असा की जपानमध्ये. जाताना खातं बंद करा.

## टप्पा ७: कॉलेज आणि रेल्वे

विषयनोंदणीची मुदत सत्राच्या सुरुवातीला आठवडा-दोन आठवड्यांची असते. वर्गात बसलात, पेपर दिलात, पण नोंदणी राहिली तर क्रेडिट नाही. विनवण्या करून काही होत नाही. ऑनलाइन नोंद झाल्यावर पावतीचा स्क्रीनशॉट घ्या.

पासाचं, म्हणजे तेइकीचं, गणित असं: घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतचाच विद्यार्थी पास मिळतो, कामाच्या ठिकाणचा नाही. सहा महिन्यांचा सगळ्यात स्वस्त पडतो, पण उन्हाळ्याची सुट्टी मोठी असते, म्हणून एप्रिलमध्ये तीन महिन्यांचाच घ्या. रिसर्च स्टुडंट म्हणून आलेल्यांना हा पास बहुधा मिळत नाही, कॉलेजात विचारून घ्या. जेआर रेल्वेने एका बाजूला १०० किलोमीटरहून लांब जायचं असेल तर कॉलेजकडून सवलतीचा दाखला घ्या, मूळ भाड्यात २० टक्के सूट मिळते.

गाडी उशिरा आली तर स्टेशनवर किंवा रेल्वेच्या वेबसाइटवर उशिराचा दाखला मिळतो. तो सरांना द्या. 'गाडी लेट होती' असं नुसतं तोंडी सांगणं मुंबईत चालतं.

सायकल घेतलीत तर तिची चोरीविरोधी नोंदणी तुमच्या नावावर हवी. सीनिअरने फुकट दिलेली सायकल नोंदणी न बदलता वापरली आणि रात्री पोलिसाने थांबवलं, तर ती चोरीची नाही हे तुम्हाला जपानीत पटवावं लागेल. सायकल चालवताना मोबाइल हातात घेण्यावर नोव्हेंबर २०२४ पासून कडक शिक्षा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाख येनपर्यंत दंड.

## टप्पा ८: कचरा

शेजाऱ्यांशी संबंध बिघडण्याचं पहिलं कारण आवाज, दुसरं कचरा. कुयाकुशोतून वेळापत्रक मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही मिळतं, आणि फ्रिजवर लावा.

जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या-डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. नियम गावागणिक बदलतात. क्योतोत ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात, तोक्योच्या बऱ्याच वॉर्डांत साधी पारदर्शक पिशवी चालते. मित्राच्या गावचा नियम तुमच्या गावी लावू नका. पिशवी त्याच दिवशी सकाळी, बहुधा आठच्या आत ठेवायची. रात्री ठेवली की कावळे फाडतात आणि सकाळी सगळी गल्ली तुमचं जेवण बघते. चुकीच्या कचऱ्यावर गाडीवाले चिठ्ठी चिकटवून पिशवी तिथेच सोडतात.

पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि वरचं लेबल काढून ते प्लॅस्टिकमध्ये, बाटली विसळून वेगळी. भजी तळलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. शंभर येनच्या दुकानात तेल घट्ट करणारी पावडर मिळते. गरम तेलात टाकायची, गार झाल्यावर वडी निघते, ती जळणाऱ्या कचऱ्यात. गादी, खुर्ची, सायकल यासाठी फोन करून तारीख घ्यायची, कोंबिनीतून पैशांचं स्टिकर आणून चिकटवायचं.

## टप्पा ९: बाइतो, म्हणजे पार्टटाइम काम

पार्टटाइमची मर्यादा आठवड्याला २८ तास. यात तीन चुका होतात. एक, दोन ठिकाणी काम केलं तर २८ प्रत्येकी नव्हे, मिळून. दोन, आठवडा सोमवारपासूनच मोजायचा नसतो. कुठल्याही दिवसापासून सात दिवस मोजले तरी २८ च्या आत असायला हवेत. तीन, दिवसाला ८ तासांची सवलत फक्त कॉलेजच्या नियमात लिहिलेल्या लांब सुट्टीत, तुमची परीक्षा लवकर संपली म्हणून नव्हे.

पचिंको पार्लर (जुगारासारख्या यंत्रांचा अड्डा), होस्टेस बार अशा ठिकाणी काहीही काम चालत नाही, भांडी घासणंसुद्धा नाही. जास्त तास केले तर कोणाला कळणार, असं सीनिअर सांगतात. व्हिसा वाढवताना उत्पन्नाचा आणि कराचा दाखला समोर येतो आणि किती तास काम केलं ते काढायला भागाकार पुरतो.

पहिले दोन महिने काम घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गातलं जपानी कानात बसेपर्यंत रात्रीची कोंबिनी परवडत नाही.

## टप्पा १०: आजारपण

थेट मोठ्या हॉस्पिटलात जाऊ नका. चिठ्ठीशिवाय मोठ्या हॉस्पिटलात गेलं तर उपचाराखेरीज सात हजार येन किंवा जास्त वेगळे लागू शकतात आणि ते विम्यात येत नाहीत. आधी घराजवळचं छोटं क्लिनिक, विम्याचं पात्रता पत्र दाखवून. बरीच क्लिनिकं आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी किंवा दुपारी बंद असतात, वेळ बघून जा. अँब्युलन्स ११९, पोलिस ११०.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी असाल तर मिसो सूपपासून सावध, त्यात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. तूरडाळ, आटा, हिंग तोक्योत शिन-ओकुबो आणि निशी-कासाई भागात मिळतं, बाकी गावांत ऑनलाइन मागवा. निशी-कासाईत भारतीय वस्ती मोठी आहे, तोक्यो मराठी मंडळाचा गणपती असतो, दिवाळीच्या आसपास फराळाचीही सोय होते.

## टप्पा ११: सुट्टीत घरी जाताना

विमानतळावरच्या फॉर्मवर 'एका वर्षात परत येणार' असा एक चौकोन असतो. त्यावर खूण करा. खूण राहिली तर तुमचा विद्यार्थी व्हिसा तिथेच संपू शकतो आणि नव्याने सगळं करावं लागतं. परतीची तारीख एका वर्षाच्या आत हवी, आणि कार्डाच्या मुदतीच्याही आत. या दोन्हींपैकी जी आधी येईल ती खरी.

मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून वाढीचा अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीत मुदत संपणार असेल तर अर्ज करून, नवं कार्ड घेऊनच तिकीट काढा. नवं कार्ड आलं की बँकेला कळवा, नाहीतर खातं गोठतं. मग मायनंबर कार्डाची मुदत वाढवा. कॉलेज बदललं किंवा सोडलं तर इमिग्रेशनला १४ दिवसांत कळवा. घर बदललं तर जुन्या कुयाकुशोत निघाल्याची नोंद, नव्यात आल्याची, पुन्हा १४ दिवसांत, आणि नव्या टपालपेटीवर नाव.